पांढरीत सापडलेला तुकडा: हाड, सांबरशिंग की हस्तिदंत?

तेर, पैठण, भोकरदन. मराठवाड्यातल्या या जुन्या गावांच्या पांढरीवर, म्हणजे पुरातन वस्तीच्या टेकाडावर, जोराचा पाऊस झाला की खापरं-मणी उघडे पडतात, कधी पिवळट, टोकदार तुकडाही. तो कशाचा हे ओळखायला दहापट दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड पुष्कळदा पुरतो.

घोटाळा मुळात शब्दाचा आहे. बैलाचं आणि सांबराचं, दोन्हींना आपण शिंगच म्हणतो. बैलाचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेलं, नखाच्या जातीचं टोपण. मातीत ते बहुधा कुजून जातं. सांबराचं, चितळाचं शिंग मात्र हाडाचंच, गळून पुन्हा उगवणारं. म्हणून बहुतेक वेळा निवड असते ती हाड की सांबरशिंग, एवढीच.

मोडलेली बाजू आधी बघा. पायाच्या नळीत मज्जेची पोकळी असते, तिच्याभोवती जाड, घट्ट भिंत. सांबरशिंगाला अशी पोकळी नसते. बाहेर घट्ट थर, आत जाळीदार गाभा. हाडावर भिंगाखाली लांबीच्या दिशेनं बारीक रेघा दिसतात, आडव्या कापावर ठिपके. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. पण घासून गुळगुळीत केलेली, गाभा न उरलेली सुई असेल तर डोळ्यांनी निर्णय होत नाही. तिथे मी वहीत ‘हाड किंवा सांबरशिंग’ असंच लिहितो.

हस्तिदंतात हे ठिपके नसतात. आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तेर आणि भोकरदनला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या, आणि इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतही तशीच एक. त्यामुळे पांढरा तुकडा दिसला की मन हस्तिदंताकडे धावतं. मला विचाराल तर वक्र, जड, चिनी मातीसारखा घट्ट तुकडा आधी शंखाच्या बांगडीचा समजून बघा.

तापलेली सुई टोचू नका, लिंबू पिळू नका. डाग कायमचा राहतो. धुऊही नका, सावलीत सावकाश वाळू द्या, मग मऊ ब्रश.

आणि घरी ठेवू नका. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८च्या कायद्यानं बंधनकारक आहे. हस्तिदंत असेल तर १९७२चा वन्यजीव कायदाही आहे. उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, आणि गट नंबर, खोली, सोबतची खापरं लिहून ठेवा. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. तिथली हाडाची, शंखाची कामं एकदा जवळून बघाच, नजर तयार होते.