बांधकामावर वाहनाने अपघात झाल्यास दावा कुठे करावा : न्यायाधिकरणाकडे की आयुक्तांकडे?

बांधकामाच्या जागेवर मिक्सर, डंपर किंवा जेसीबीची धडक बसून कामगार जखमी झाला, तर त्याला दोन ठिकाणी दाद मागता येते. एक मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि दुसरे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 खालील आयुक्त (21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे, त्याविषयी शेवटी). मात्र मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 167 नुसार भरपाई यांपैकी एकाच कायद्याखाली मागता येते, त्यामुळे निवड सुरुवातीलाच करावी लागते. सेंट्रिंगचे काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या पायावरून मागे येणाऱ्या मिक्सरचे चाक गेले, तेव्हा ही निवड आम्हाला करावी लागली. प्रत्येकाची परिस्थिती निराळी असते याची जाणीव ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

रकमेचा विचार केला तर न्यायाधिकरणाचे पारडे निःसंशय जड आहे. तीस वर्षांचा, महिना 20,000 रुपये कमावणारा कामगार दगावला आणि मागे पत्नी व दोन मुले राहिली, असे धरू. आयुक्तांकडे 2020 पासून वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते. त्याच्या निम्म्याला त्या वयाच्या 207.98 या गुणकाने गुणले की 15,59,850 रुपये होतात. न्यायाधिकरणात प्रत्यक्ष कमाई धरतात, भविष्यातील वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवतात, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करतात आणि उरलेली वर्षाची रक्कम त्या वयाच्या 17 या गुणकाने गुणतात. ती रक्कम 38,08,000 रुपये होते व इतर शीर्षकांखालील रकमा तिच्यात आणखी मिळतात. हा फरक पाहून आमच्या घरातही आधी सर्वांचा कल न्यायाधिकरणाकडेच होता.

आमचा निर्णय फिरला तो रुग्णालयाच्या केसपेपरमुळे. भावाला दाखल करताना सोबत मुकादम होता आणि विचारणाऱ्याला त्याने ‘काम करताना पाय घसरून पडला’ असे सांगितले. भाऊ शुद्धीवर नव्हता, आम्ही गावाहून निघालेलो होतो, आणि ते वाक्य तसेच नोंदले गेले. मिक्सरचा त्यात उल्लेखही नव्हता. पुढे पोलिसांत जबाब झाला, त्यात खरी हकिकत आली, परंतु वकिलांनी कागद समोर ठेवून स्पष्ट सांगितले की विमा कंपनी उलटतपासणीची सुरुवात याच ओळीपासून करील. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 खालील दाव्यात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते, आणि त्यासाठी ज्यांनी चाक पायावरून जाताना पाहिले होते ते सोबती स्लॅब संपताच दुसऱ्या कामावर, काही तर दुसऱ्या राज्यात, गेले होते. कुंपणाच्या आतली जागा ही सार्वजनिक जागाच नव्हे, म्हणून आपली जबाबदारी येत नाही, अशी हरकतही अशा प्रकरणांत विमा कंपन्या घेतात.

आयुक्तांपुढे याच ओळीने आमचे काहीही बिघडत नव्हते. तेथे प्रश्न इतकाच असतो की इजा कामावर असताना व कामामुळे झाली का. घसरून पडला असो वा मिक्सरखाली आला असो, तो मालकाच्या कामावर होता हे दोन्ही हकिकतींत सारखेच राहते, आणि चूक कोणाची याचा शोध घ्यावा लागत नाही. मुकादमाचे जे वाक्य एका ठिकाणी आमच्या विरोधात जात होते, त्यातच ‘काम करताना’ हे शब्द होते आणि दुसऱ्या ठिकाणी ते आमचा पुरावा ठरले. खरे सांगायचे तर माझ्यासाठी प्रश्न तेथेच निकाली निघाला.

आयुक्तांचा मार्ग निर्वेध आहे असे मात्र नाही. कंत्राटदार पहिल्याच जबाबात ‘हा माणूस माझा नाहीच’ म्हणू शकतो, आणि हजेरीपुस्तक त्याच्याच ताब्यात असते. आम्हाला उपयोगी पडले ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी काढलेले 90 दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र, ज्यावर त्याच कंत्राटदाराची सही होती. शिवाय 1923 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुख्य मालकालाही जबाबदार धरता येते, म्हणून अर्जात बिल्डर आणि कंत्राटदार या दोघांनाही सामनेवाले करणे इष्ट. पाय कायमचा अधू झाल्यास टक्केवारी केवळ अवयवाची न पाहता कमावण्याची क्षमता किती गेली हे पाहावे लागते. कोपराच्या वरून हात गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्णच गेली असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मानले होते. परांचीवर चढणे ज्याला पुन्हा शक्य नाही, त्या सेंट्रिंग कामगाराच्या वतीने हा निवाडा आवर्जून दाखवावा.

पैसे हाती पडण्याच्या बाबतीतही मला आयुक्तांकडील व्यवस्था अधिक भरवशाची वाटली. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर किमान 12 टक्के व्याज कायद्यानेच लागते आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचे असल्यास भरपाईची रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाला 25,000 रुपये किंवा निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली तरी चालते. ज्या घरात कमावता माणूस अंथरुणावर आहे, तेथे या फरकाला फार किंमत आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. त्यानंतरच्या अपघातासाठी अर्ज त्या संहितेखालील सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाईल. मृत्यूसाठी वेतनाच्या 50 टक्के व कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के हा पाया तोच आहे.

चालकावर दोषारोपपत्र दाखल झालेले असेल, केसपेपरमध्ये वाहनाचा क्रमांक पहिल्याच दिवशी नोंदलेला असेल, पाहणारा निदान एक साक्षीदार टिकून राहणारा असेल आणि घर काही वर्षे तग धरू शकत असेल, तर न्यायाधिकरणाची मोठी रक्कम सोडू नये, असे मीही म्हणेन. यांतले एक जरी कच्चे असेल, तर मी आयुक्तांकडेच जाईन.