ब्रिटनमध्ये माणूस कामावर घेताना: शेअर कोड आणि पैसे मोजून घेतलेलं ॲप, दोन्ही वापरून झाल्यावर

मिडलँड्समधल्या एका केअर होमच्या ऑफिसात मी भरतीचं काम बघते. केअरर, रात्रपाळीच्या नर्स, स्वयंपाकघरातले मदतनीस, साफसफाईवाले, माणसं सतत येत-जात असतात. समोर बसलेला माणूस खरंच तोच आहे का आणि त्याला या देशात हे काम करायची परवानगी आहे का, ही 'राइट टू वर्क' तपासणी प्रत्येकाची करावी लागते. त्यासाठी गेले कित्येक महिने दोन गोष्टी वापरतेय: सरकारी संकेतस्थळावरची मोफत शेअर कोड तपासणी आणि एका खासगी कंपनीचं ॲप. इकडे दुकान, उपाहारगृह, केअर एजन्सी चालवणारे मराठी लोक आता बरेच आहेत आणि शिकता शिकता काम शोधणारी आपली मुलं तर त्याहून जास्त. दोघांच्याही उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी दंडाचं सांगते, कारण लहान मालकांना त्याचा अंदाजच नसतो. परवानगी नसलेला माणूस कामावर सापडला तर पहिल्या वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडला तर 60,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. 13 फेब्रुवारी 2024 च्या आधी हेच आकडे 15,000 आणि 20,000 होते. जाणूनबुजून ठेवला असेल तर मामला फौजदारी होतो आणि पाच वर्षांपर्यंत कैद. मात्र तपासणी नियमाप्रमाणे आणि रुजू होण्याआधी केलेली असेल, तर नंतर काही निघालं तरी या दंडापासून मालकाला संरक्षण मिळतं. 'आज शिफ्ट करू दे, कागद उद्या बघू' असं केलं की ते संरक्षण गेलं.

आता शेअर कोड. ज्यांच्याकडे ईव्हिसा, म्हणजे ऑनलाइन नोंदीतला व्हिसा, आहे ते आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यातून नऊ अक्षर-अंकांचा कोड काढून देतात. नोकरीसाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो आणि 90 दिवस चालतो. घर भाड्याने घेण्यासाठीचा वेगळा, तो आरने सुरू होतो. घाईत मुलं तोच पाठवतात, म्हणून मी पहिलं अक्षर आधी बघते. मालकांसाठीच्या पानावर कोड आणि जन्मतारीख टाकली की फोटो, नाव, कोणतं काम करता येईल आणि कधीपर्यंत, हे सगळं एका पानावर येतं. ते पान पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवायचं, नोकरी असेपर्यंत आणि ती सुटल्यावर आणखी दोन वर्षं. नंतर नष्ट करायचं. एवढ्या महिन्यांत या पानाने मला कधी अडवलेलं नाही, आणि फुकट आहे म्हणून कुठे कमी पडतंय असंही नाही.

एक गोष्ट मात्र दर महिन्याला कुणाला तरी समजवावी लागते. परवाच सांगलीकडचा एक मुलगा मुलाखतीला आला होता. त्याने फोनवर स्वतःचं खातं उघडून पुढे धरलं. "ताई, हे बघा ना, सगळं इथंच दिसतंय." दिसत होतं, खोटं काही नव्हतं. पण उमेदवाराच्या फोनवर बघितलेलं तपासणी म्हणून धरलं जात नाही. मालकाने स्वतःच्या बाजूने, मालकांच्या पानावर कोड टाकूनच बघावं लागतं. त्याने तिथल्या तिथे कोड काढून दिला आणि काम झालं.

पानावर फोटो आला म्हणजे संपलं, असंही नाही. तो फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का, हे माणसानेच बघायचं असतं, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. फोटो पुष्कळदा व्हिसाच्या वेळचा असतो. तेव्हा गुळगुळीत दाढी आणि आता भरगच्च, तेव्हा चष्मा नाही आणि आता आहे. मी कान, भुवया आणि जिवणी निवांत बघते. व्हिडिओवर उजेड कमी असेल तर सरळ खिडकीशी बसायला सांगते. कुणाच्या तरी नावावर दुसराच माणूस शिफ्टला येणं हा प्रकार केअरच्या कामात ऐकिवात आहे, आणि आमच्याकडे ज्यांची काळजी घ्यायची ते स्वतःहून ओळख पटवू न शकणारे म्हातारे लोक आहेत. त्यामुळे या दोन मिनिटांत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, वेगळी. ती झाली म्हणून ही टळत नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सामाजिक विम्यासाठीचा सरकारी क्रमांक) आहे म्हणजे कामाची परवानगी आहे, हाही गैरसमजच.

जुन्या बीआरपी कार्डांचा, म्हणजे परदेशी लोकांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्याच्या कार्डांचा, गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. कितीतरी कार्डांवर 31 डिसेंबर 2024 हीच शेवटची तारीख छापलेली होती, व्हिसा पुढे दोन-तीन वर्षांचा असला तरी. कार्ड संपलं म्हणजे व्हिसा संपला असं समजून काही मालकांनी चांगली माणसं परत पाठवली. कार्डाकडे बघून निर्णय घेणं 6 एप्रिल 2022 पासूनच बंद आहे. कोड मागा, त्यावर खरी मुदत दिसते.

आपल्या लोकांचं खास दुखणं नावांचं. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पदवीवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. ईव्हिसावर नाव पासपोर्टप्रमाणे येतं आणि अर्जात मुली भलतंच लिहितात. कोड तपासला तरी अर्जातलं, करारातलं आणि पगारपत्रकातलं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे मला दाखवता यायला हवं, म्हणून अशा वेळी मी लग्नाच्या दाखल्याची प्रत फायलीत ठेवते. नोकरी शोधणाऱ्यांनी अर्जात पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव लिहावं. आणि नवा पासपोर्ट काढला की तो यूकेव्हीआय खात्यात आठवणीने जोडावा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ जातो. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी आलेल्या बहुतेकांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. सत्राच्या तारखांचा विद्यापीठाकडचा पुरावा मालकाला घ्यावा लागतो आणि तो मी शेअर कोडच्या पानासोबतच ठेवते. मास्टर्सची मुलं हमखास म्हणतात, "जूनपासून सुट्टी आहे, फुल टाइम द्या." बहुतेक ठिकाणी त्यांचा उन्हाळा प्रबंधाचा असतो आणि विद्यापीठ तो सत्रातच मोजतं. विद्यापीठाच्या पत्रात तसं स्पष्ट नसेल तोवर मी 20 च्या वर एक तास देत नाही. पोरं नाराज होतात, पण पुढचा व्हिसा त्यांचाच अडकतो. डिलिव्हरी ॲपवर दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावरून काम करणाऱ्यांना तर कळकळीने सांगते, ते करू नका. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार मुळातच चालत नाही.

मुदत असलेल्या प्रत्येकाची तपासणी मुदत संपायच्या आत पुन्हा करावी लागते. माझ्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधी आणि एक महिना आधी अशी आठवण लावलेली असते. व्हिसा वाढवायचा अर्ज वेळेत गेला असेल पण निकाल आला नसेल आणि कोडही निघत नसेल, तर एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे, म्हणजे मालकांसाठीच्या सरकारी चौकशी सेवेकडे, विचारायचं. होकाराचं पत्र आलं की ते सहा महिने चालतं. माझ्या अनुभवात उत्तर काही दिवसांत येतं. अशा माणसाला 'कागद नाहीत' म्हणून घरी बसवणं हा अन्याय आहे, आणि तो होताना मी पाहिलाय.

आता खासगी ॲप. ब्रिटिश आणि आयरिश लोकांना शेअर कोड नसतो. त्यांची तपासणी एकतर मूळ कागद हातात घेऊन करायची किंवा प्रमाणित कंपनीच्या ॲपमधून. त्यात फोन पासपोर्टची चिप वाचतो, उमेदवार सेल्फी काढतो आणि ॲप दोन्ही जुळवतं. दूरवरच्या नर्ससाठी हे सोयीचं ठरलं, हे मान्य. पण त्याला चालू मुदतीचाच पासपोर्ट लागतो. आमच्या कितीतरी स्थानिक केअरर बायकांचा पासपोर्ट कधीच संपलाय, काहींनी तर आयुष्यात काढलेला नाही. हाताने तपासताना मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्ट चालतो. जन्माचा दाखला आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर असलेलं अधिकृत पत्र, हे दोन्ही मिळूनही चालतं. म्हणजे ज्यांच्यासाठी ॲप घेतलं त्यांतल्या निम्म्यांना ते लागूच पडेना. वर अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नाचे पैसे लावले गेले.

सगळ्यात खटकलं ते विक्रेत्याचं बोलणं. 'हिरवी खूण आली की तुम्हाला काही बघायला नको,' असं त्याने आमच्या मॅनेजरला सांगितलं होतं. हे चूक आहे. कंपनीने ओळख तपासली तरी चेहरा जुळवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि दंडही मालकालाच होतो.

ॲप हाती आल्यावर आमच्याकडे आणखी एक खोड शिरू पाहत होती. ॲक्सेंट आणि रंग बघून कुणाला कागद मागायचे, कुणाला नाही, हे ठरवायचं. मी ते होऊ दिलं नाही. लेस्टरमध्ये जन्मलेल्या पटेलला आणि डर्बीच्या स्मिथला एकच प्रश्न, एकाच टप्प्यावर. 2010 च्या समानता कायद्यालाही हेच अपेक्षित आहे.

ॲपचा करार संपत आलाय आणि तो पुढे चालू ठेवू नये असं मी लेखी कळवलंय. ब्रिटिश-आयरिश उमेदवारांना मूळ कागद घेऊन ऑफिसात बोलवायचं, मी समोर बसून बघायचं, प्रत काढून त्यावर सही आणि तारीख टाकायची. बाकी सगळ्यांना शेअर कोड.