मतभेद की लपवाछपवी? त्याला सोडण्याआधी एवढं पडताळून बघ

तू म्हणतोस, प्रश्न मतांचा आहे. तुझा जोडीदार रिफायनरी प्रकल्पाच्या बाजूचा, तू विरोधातला, वर घरच्या बागेच्या व्यवहारात त्याचा हात असल्याचा तुला संशय, आणि आता एकत्र राहायचं की नाही ते ठरेना. मी राजापुरातला. माझी दोन नाती झाली, दोन्हीत राजकारणावरून कडाक्याचं वाजलं. एक तुटलं, एक टिकलंय.

पहिला जमिनीच्या व्यवहारांत होता. रिफायनरी आली तर पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. २०१९ मध्ये नाणारला रिफायनरीसाठी जमीन घेण्याची अधिसूचना रद्द झाली तेव्हा मी पेढे वाटले, त्यातला एक त्यानेही खाल्ला. पुढे रिफायनरीसाठी आमच्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण रोखायला बायका सड्यावर आडव्या झाल्या, तेव्हा मी तिथेच होतो. कातळ असा तापलेला की चपलेतूनही चटका बसावा. त्याचा मेसेज आला, ‘पाण्याची बाटली घेतलीस ना?’ इथवर तुझं नि माझं सारखंच, आणि इथवर सोडण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या पावसाळ्यात त्याच्या स्कूटरच्या डिकीत रेनकोट शोधताना प्लास्टिकच्या पिशवीत एक झेरॉक्स हाती लागली. जमिनीचं संमतीपत्र, खाली माझ्या मुंबईच्या काकांची सही. आमचा सातबारा सामाईक, चौदा नावं. त्यातलं एक त्याने परस्पर फोडलं होतं, आणि आदल्याच दिवशी आमच्या पडवीत बसून आईच्या हातची घावनं खाऊन गेला होता.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. त्याच्या फोनमधले गट नंबर चोरून बघून मी विरोधकांना दिले होते. भांडण पेटलं तेव्हा ‘तुझ्या घरी सांगू का?’ हे दोघांच्याही ओठांवर आलं. तो बोलून गेला, मी गिळलं, एवढाच फरक.

आत्ताचा रत्नागिरीचा, मांडव-खुर्च्यांचा धंदा. मत देतो तेही मला न झेपणाऱ्या पक्षाला. गेल्या निवडणुकीत दोन दिवस अबोला होता. पण सभेच्या आदल्या रात्री त्याचा फोन येतो, ‘उद्या त्यांच्याकडे पाचशे खुर्च्या चालल्यात, नंतर कळून चिडू नकोस.’ मी चिडतोच. (आमच्या मोर्चालाही खुर्च्या त्याच्याच असतात, आणि भाड्यात सूट नाही.)

जगापासून मात्र दोन्ही नाती झाकलेलीच. गणपतीत तो ‘मित्र’ म्हणून येतो, आरतीला झांजा वाजवतो, चाकरमानी भावंडांच्या रांगेत चटईवर झोपतो. हे गुपित दोघांनी मिळून ठरवलेलं आहे, दोघांच्या सोयीचं. ते मी नात्याच्या खात्यात तोटा म्हणून धरत नाही. पहिल्या वेळी आम्ही एकमेकांपासूनच लपवत होतो. तुझी तुलना तिथे कर, झेंड्यांची नको.

व्यवहाराचंही बघ. २०१८ च्या निकालाने आपल्यासारख्यांच्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाचा हक्क मान्य केला नाही. म्हणजे त्याच्या पश्चात वारस म्हणून तू आपोआप लागत नाहीस, मृत्युपत्र लागतं. जॉइंट खातं आणि नॉमिनी यांना आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आम्ही खातं काढलं. पहिल्याबरोबर काढायची माझी छाती झाली नसती, आणि त्याचीही.

राहता राहिला तुझा संशय, की तुमच्या कलमांच्या बागेच्या व्यवहारात त्याचा हात आहे. सातबारा ऑनलाइन दिसतो, संमतीपत्र त्यावर दिसत नाही. ते त्यालाच विचारावं लागेल. आणि विचारण्याआधी, त्याच्या फोनमध्ये तू काय काय बघितलंस ते सांगून टाक.