गावच्या घराची टाकी आणि अंगण: तीन मिस्त्री की एकच ठेकेदार?

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी मी ही कामं सुटी सुटी करून घेतली. खोदाई जेसीबीवाल्याची, सेप्टिक टँक आणि त्यावरचा स्लॅब गवंड्याचा, अंगणातले पेव्हर ब्लॉक तिसऱ्याचे. माल माझा, त्यांची फक्त मजुरी. दोन वर्षांनी शेजारच्या वाडीत मावशीच्या घरी जवळपास तेवढंच काम एका ठेकेदाराला मालासकट उक्तं दिलं. दोन्ही वेळा व्यवहार मीच पाहिला, आणि तोही बराचसा ठाण्याहून, फोनवर. गावच्या घराचं काम काढायचं म्हणून सध्या अशा विचारात असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

पैशाचं आधी सांगतो. सुटं काम स्वस्त पडतं. मावशीकडे मला लाखामागे पंधरा-सतरा हजार जास्त गेले असावेत. शिवाय माल स्वतः घेतला की गोणीवर छापलेला आठवडा-महिना बघून ताजं सिमेंट उचलता येतं आणि खडी-वाळूची गाडी आपल्यासमोर रिकामी होते. जमिनीखाली गाडल्या जाणाऱ्या कामात हा दिलासा मोठा असतो.

तरीही माझं मन दुसरीकडे वळलं, ते एका झाकणामुळे.

गवंड्याने टाकी चांगली बांधली. आजही तिच्यात खोट काढता येणार नाही. वरचं झाकण त्याने त्या वेळच्या जमिनीला धरून बसवलं. महिनाभराने ब्लॉकवाला आला. त्याने खडीचा थर टाकून धुमसला, वर दोन इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, त्यावर ६० मिलिमीटरचे ब्लॉक. पाणी घराकडे येऊ नये म्हणून उतार मागच्या बाजूला दिला, तेही बरोबरच. पण मागच्या बाजूलाच टाकी होती आणि झाकण आता अंगणापेक्षा वीतभर खाली गेलं होतं. त्याने झाकणाभोवती चौकोन सोडला आणि काम संपवलं.

जुलैत पाऊस लागला. सगळ्या अंगणाचं पाणी त्या चौकोनात साठायचं आणि झाकणाच्या फटीतून टाकीत उतरायचं. टाकी तुडुंब, तिच्यातलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डाही भरलेला, संडासात पाणी टाकलं की खाली जाईना. घरात आई एकटी. ऐन पावसात छत्री धरून ती शेजारच्या काकूंकडे जात होती आणि हे मला तिने आठ दिवसांनी सांगितलं. गवंड्याला फोन केला तर तो म्हणाला, “अंगण किती वर येणार, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.” ब्लॉकवाला म्हणाला, “मी आलो तेव्हा झाकण तिथेच होतं.” दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. लेव्हल कुणाची, हे ठरवायला तिथे कुणीच नव्हतं. दिवाळीनंतर ब्लॉक उचलून झाकणाचं तोंड वर घेतलं आणि मजुरी दोघांनाही पुन्हा मोजली.

मावशीकडे ठेकेदाराने पहिल्याच दिवशी पाण्याची लेव्हल नळी लावून पडवीच्या पायरीपासून परसापर्यंत तयार अंगणाची दोरी ताणली. झाकण त्या दोरीपेक्षा दोन बोटं वर ठेवलं. सेप्टिक, काँक्रीट आणि ब्लॉक तिन्ही त्याच्याच गळ्यात असल्यामुळे त्याला हा विचार करावाच लागला.

त्याचं सगळंच बरं होतं असं मात्र नाही. टाकी तो सरळ एका खणाची बांधत होता; आडवी भिंत, म्हणजे पहिला खण दोन हिस्से आणि दुसरा एक, ही मला अडून करून घ्यावी लागली. शोषखड्डा त्याने विहिरीपासून पंचवीस फुटांवर आखला होता. भारतीय मानकात हे अंतर किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास साठ फूट सांगितलं आहे, आणि आपल्या जांभ्यातून पाणी किती सहज पाझरतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. तो खड्डा दुसऱ्या कुशीला हलवून घेतला. मे महिन्यात मृगाआधी सगळ्यांचीच घाई, तेव्हा तो माणसं घेऊन आठवडाभर दुसरीकडे गेला. त्याचा त्रास झाला. पण प्रत्येक वेळी फोन एकालाच करायचा होता.

तुम्ही गावातच राहत असाल, किंवा घरातलं कुणी जाणतं माणूस रोज कामावर उभं राहणार असेल, तर सुटं काम द्यायला हरकत नसावी. वाचलेले पैसे थोडे नाहीत. नुसती टाकी किंवा नुसतं अंगण करायचं असेल तरीही ठेकेदार कशाला? पण तिन्ही कामं एकत्र आणि मालक मुंबई-पुण्यात, अशी गत असेल तर मी तरी पुन्हा एकाच माणसाकडे जाईन.

मात्र कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या. भराव टाकण्याआधी टाकी पाण्याने भरायची. नवं काँक्रीट थोडं पाणी पितं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून खूण करायची आणि चोवीस तासांनी पाहायचं. पाणी खुणेच्या खाली गेलं तर गिलावा पुन्हा. दुसरं म्हणजे रकमेचा दहावा हिस्सा एक पावसाळा होईपर्यंत आपल्याकडे ठेवायचा. आमच्या ठेकेदाराने कुरकुर केली, पण मान्य केलं.

गणपतीला गेलो तेव्हा मावशीच्या तुळशीजवळ चार-पाच ब्लॉक खचले होते. फोन केला. तिसऱ्या दिवशी त्याचा माणूस कच घेऊन आला, ब्लॉक उचलले, धुमसून पुन्हा बसवले आणि चहा पिऊन गेला. बाकीचे पैसे मी त्याच संध्याकाळी पाठवले.