गायगर काउंटर, सहा महिने वापरल्यावर

किरणोत्सर्ग (रेडिएशन) टिकटिक करून मोजणारं यंत्र म्हणजे गायगर काउंटर. मला ऑनलाइन साडेपाच हजाराला पडला. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, रेडिओॲक्टिव्हिटीचा धडा आला की फळ्यावर नुसते बाण काढून पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून घेतला. आधीच सांगतो, मोजणीला यंत्र चांगलंय, पण स्क्रीनवर जो मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला लागणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) आकडा येतो त्यावर जाऊ नका.

जुळे सोलापुरात घरी मिनिटाला 16 ते 22 टिकटिक येतात, रात्री दिवसा साधारण तेवढंच. आपल्याकडं खाली काळा बेसाल्ट, त्यात युरेनियम-थोरियम कमीच असतं. शहाबादी फरशीवर ठेवला तरी काही फरक नाही. ग्रॅनाईटच्या ओट्यावर 30 च्या आसपास गेला, तेही काळजी करण्यासारखं नाही. पण माळ्यावर वडिलांची जुनी पेट्रोमॅक्स होती, लग्नाच्या वरातीत भाड्यानं द्यायचे ते, तिच्या डब्यात न वापरलेलं एक मेंटल (बत्तीत पेटून उजेड देणारी जाळी) सापडलं, ते प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवून काउंटर टेकवला तर आकडा थेट 170. त्या मेंटलमध्ये थोरियम असतं. वर्गात नेलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढं आली.

खरी परीक्षा झाली ती ओळखीच्या एका सरांच्या जिऑलॉजी लॅबमध्ये. तिथं बंद डबीत टॉर्बर्नाइटचा नखाएवढा तुकडा आहे. तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी असं हे खनिज, नाव पडलं स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्यावरून. रंग गर्द हिरवा, अभ्रकासारखे पातळ चौकोनी पापुद्रे एकावर एक, नखानं ओरखडा जाईल इतकं मऊ (हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको). कोरड्या हवेत त्यातलं पाणी हळूहळू उडतं, म्हणून याच्या कडा फिक्या पडून भुगा व्हायला लागलेत, आणि तो भुगा नाकातोंडात जाणं हाच खरा धोका, शिवाय आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो, म्हणून सरांनी आधी खिडक्या उघडल्या आणि डबी शेवटपर्यंत बंदच ठेवली.

डबीला टेकवून 2300. दहा सेंटिमीटर लांब नेला की 250 च्या खाली. मध्ये कागद धरला, काही फरक नाही. स्टीलचं ताट धरलं, 350. आता गंमत अशी की युरेनियम-238 स्वतः अल्फा कण (जड, कागदानंही अडणारे) सोडतं आणि अल्फा तर डबीच्या बाहेरच येत नाही, मग हे 2300 कुठले? ते त्याच्या पोराबाळांचे. युरेनियमचं थोरियम-234 होतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम, ते मिनिट-सव्वा मिनिटात निम्मं संपतं आणि जाताना जोरदार बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) सोडतं, तोच प्लास्टिक भेदून काउंटरच्या ट्यूबमध्ये घुसतो. 450 कोटी वर्षांचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) असलेल्या आजोबाचा पत्ता आपल्याला सव्वा मिनिटाच्या नातवाकडून लागतो, हे पोरांना सांगताना मला स्वतःलाच काटा आला.

आणि मायक्रोसिव्हर्टची गडबड इथंच आहे. यंत्र समजतं की आलेली प्रत्येक टिकटिक गॅमाची (एक्स-रेसारख्या किरणांची) आहे आणि तसा गुणाकार करून 15 मायक्रोसिव्हर्ट दाखवतं, बीटाला तो हिशोब चालत नाही. म्हणून वहीत नेहमी मिनिटाचे काउंट लिहा.

दगड मात्र घरी आणू नका. युरेनियम बाळगायला सरकारची परवानगी लागते. आणि युरेनियम काही फक्त झारखंडातल्या जादूगुड्यालाच नाही, आपल्या रेल्वे लाईनवरच्या यादगीर जिल्ह्यात गोगी आहे, भीमेच्याच खोऱ्यात, तिथं पिचब्लेंड आणि कॉफिनाइट ही युरेनियमची खनिजं सापडलीत, शहाबादी चुनखडीत आणि तिच्या खालच्या ग्रॅनाईटमध्ये. फरशी तीच, पण युरेनियम फक्त खडक जिथं तुटून सरकलेत त्या भेगांमध्ये, म्हणून घरातल्या फरशीला घाबरू नका.

तक्रारी दोन. मॅन्युअलचं इंग्रजी वाचून काही कळत नाही, आणि मे महिन्यात बॅटरी दुपारपर्यंतच टिकली. विक्रेत्याला तीन मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. घेणार असाल तर ट्यूब काचेची आहे की अभ्रकाच्या खिडकीची ते आधी विचारा, काचेच्या ट्यूबला अल्फा दिसत नाही, माझी काचेची आहे.