डीव्हीडीस्टायलर आणि इमगबर्न: घरच्या जुन्या कॅसेटींसाठी फुकटची जोडी

ज्यांच्या घरी सगळं पेनड्राइव्हवर नाहीतर यूट्यूबवर चालतं, त्यांनी डीव्हीडी बनवायच्या दोन फुकट सॉफ्टवेअरांबद्दलचं हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या घरात एखादं म्हातारं माणूस अजून डीव्हीडी प्लेअर लावून बसतं, त्यांच्या कामाचं आहे.

आमच्या आतेसासूबाई काटोलला राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर त्या स्वतः लावतात आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, "मले त्या बोटभर डब्यात काही दिसत नाही रे बाप्पा. सूनबाई, तू मले चकती करून दे." सूनबाई म्हणजे मी. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली.

आमच्याकडे २००४ ते २००९ च्या मिनीडीव्ही कॅसेटी (व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या फिती) आहेत. नणंदेचं साक्षगंध, मुलांचा तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी पोरं, आणि एका वर्षी ह्यांनी इतवारीच्या गर्दीत हात वर धरून घेतलेली पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा पुतळा. फायरवायरचं, म्हणजे कॅमेरा जोडायचं, पोर्ट असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या उतरवून घेतल्या. डीव्ही फॉरमॅटला जागा भरपूर लागते, एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी, पण उतरवताना चित्राची प्रत अजिबात घसरत नाही. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पुढचं काम आधी एका विकतच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. नाव घेत नाही. कापाकापी, शीर्षकं, मागे सनई घालणं, हे सगळं त्यात छान जमतं. पण शेवटचं 'बर्न', म्हणजे डिस्क लिहायचं, बटण दाबलं की पट्टी सरकत सरकत जवळजवळ शेवटाला जाते आणि मग एक चौकट उघडते: अज्ञात त्रुटी, खाली एक लांबलचक आकडा. कस्टमर केअरचं उत्तर आलं ते असं: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, ड्रायव्हर अपडेट करा, दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरून पाहा. म्हणजे घरातलं सगळंच बदला. मारबतीसोबत दरवर्षी कशाकशाचे बडग्ये (वाईट गोष्टींचे पुतळे) निघतात, त्यात एक या अज्ञात त्रुटीचाही निघायला हरकत नव्हती. घेऊन जा गे मारबत!

माझी तक्रार बर्न फसण्याची नाही, ते कुठे फसलं हे न सांगण्याची आहे. त्या एका बटणामागे चार वेगळी कामं असतात. आधी तुमचा व्हिडिओ एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीला चालणाऱ्या प्रकारात, बदलायचा. मग आवाज आणि चित्र एकत्र गुंफायचं. मग मेनू आणि चॅप्टर बसवून व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी फायली तयार करायच्या. आणि सगळ्यात शेवटी लेझरनं ते डिस्कवर लिहायचं. यातलं कुठलंही बिघडलं तरी निरोप तोच, 'बर्न फेल'. पायऱ्या न दाखवता नुसतं चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी जन्मभर शून्य दिलं, या सॉफ्टवेअरलाही तेच.

कोणतंही सॉफ्टवेअर असो, एक तपासणी फुकटात होते. फसलेली डिस्क बाहेर काढा आणि उजेडात तिरपी धरून खालची बाजू पाहा. लेझरनं लिहिलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो, आतल्या कडेपासून सुरू होणारं एक वर्तुळ. तसं वर्तुळ नसेल तर बहुतेक लिहायला सुरुवातच झालेली नाही, आणि बिघाड आधीच्या तीन कामांत शोधायचा. डिस्क कोरी असताना दुकानात जाऊन नवा डबा आणू नका.

आता त्या जोडीकडे येते. डीव्हीडीस्टायलर पहिली तीन कामं करतं, इमगबर्न चौथं. दोन्ही फुकट. डीव्हीडीस्टायलर मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) आहे, त्याच्या पोटात एफएफएमपेग आणि डीव्हीडीऑथर ही जुनीजाणती साधनं काम करतात. दिसायला ते पंधरा वर्षांपूर्वीचं वाटतं, आणि मेनूचे तयार नमुने बघून तर वाढदिवसाचे बॅनर आठवतात. पण सुरुवातीलाच ते नेमके प्रश्न विचारतं: डिस्क केवढी, टीव्हीची पद्धत पाल की एनटीएससी, चित्राचा आकार ४:३ की १६:९, आवाज कुठल्या प्रकारात. आपल्याकडच्या कॅमेऱ्यांसाठी पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. खाली एक पट्टी असते, किती मिनिटं भरली आणि किती उरली ते दाखवणारी.

इथे थोडं गणित. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज मात्र ४.३७ दाखवतं. फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार केला की सेकंदाला ५.२ मेगाबिट येतात, चित्र आणि आवाज मिळून. दीड तासाला जवळपास ७. तीन तास कोंबले तर साडेतीनही नीट मिळत नाहीत, आणि मग साक्षगंधाच्या मांडवातली झालर ठोकळ्या-ठोकळ्यांची दिसते. एमपेग-२ चित्रासाठी डीव्हीडीवर कमाल मर्यादा ९.८ मेगाबिटची आहे, त्यामुळे अर्ध्या तासाच्या फिल्मला वीस मेगाबिट देऊन उपयोग नाही, प्लेअर ते वाचणारच नाही. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये 'उत्तम दर्जा' निवडला की हा हिशेब आपल्या नजरेआड होतो. डीव्हीडीस्टायलरमध्ये तो समोर असतो.

'बर्न' दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे: फक्त फायली तयार करा, आयएसओ बनवा, किंवा थेट डिस्कवर लिहा, असे पर्याय तिथे वेगवेगळे आहेत. आयएसओच निवडा, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत. तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या तेही तिथेच ठरवता येतं, आणि अर्धी रडकथा इथेच संपते. तासाभराची मूळ फिल्म १३ जीबी, तिची एमपेग-२ प्रत चारेक जीबी, आयएसओ पुन्हा तेवढीच. सी ड्राइव्हवर पाच-सहा जीबी मोकळी असताना सॉफ्टवेअर मध्येच मान टाकतं, त्यात नवल काय! पेनड्राइव्ह किंवा जुनी हार्ड डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर मावतच नाही, मग जागा कितीही असो.

फोल्डरचं नाव 'ताईचं साक्षगंध' असं मराठीत ठेवू नका. जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावाला अडखळतात आणि कारण सांगत नाहीत. मला हे पटत नाही, पण ड्राइव्हवर साध्या रोमन अक्षरांतलं, बिनजागेचं नाव द्या आणि मोकळे व्हा. मेनूवर मराठी हवं असेल तर चित्र तयार करतानाच त्यावर मजकूर लिहा आणि ते चित्र मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. जोडाक्षरं फुटायची भीती राहत नाही.

डीव्ही कॅसेटवाल्यांसाठी आणखी एक. या फितींतलं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) विभागलेली असते, आणि त्यात खालचं फील्ड आधी येतं. फाइल बनवताना हा क्रम उलटा लागला तर डिस्क व्यवस्थित जळते, चालतेही, पण धावणारं प्रत्येक पोर थरथरत धावतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे कधीकधी कळत नाही, जुन्या टीव्हीवर लगेच कळतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये क्रम तपासून घ्या.

आणि भाच्यानं पाठवलेल्या मोबाइलच्या क्लिपा? त्या थेट घालू नका. मोबाइल पुष्कळदा फ्रेमचा वेग कमीजास्त करत शूट करतो, आणि त्या पालच्या २५ मध्ये बसवताना आवाज हळूहळू पुढेमागे होतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, फ्रेमरेट २५ आणि 'कॉन्स्टंट' ठेवून. हेही फुकटच आहे.

आयएसओ तयार झाली की व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून पाहा. मेनू चालतो, आवाज ओठांशी जुळतो, शेवटपर्यंत जातं? मग पहिली तीन कामं झाली, आणि यानंतर काही बिघडलं तर दोष ड्राइव्हचा, डिस्कचा किंवा केबलचा.

इमगबर्नची शेवटची आवृत्ती, २.५.८.०, २०१३ मध्ये आली. तेव्हापासून नवं काही नाही, आणि माझ्या विंडोज १० वर अजून बिनतक्रार चालतं. इन्स्टॉल करताना मात्र प्रत्येक पान वाचा, कारण त्याच्या इन्स्टॉलरसोबत दुसरीच सॉफ्टवेअरं आल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. विंडोज ७ पासून आयएसओवर उजवं क्लिक करून डिस्क लिहिता येते, तेही पुरेसं आहे. मग इमगबर्न कशाला? कारण ते बोलतं. उजव्या बाजूला डिस्कची खरी ओळख दाखवतं (वरचं लेबल काहीही असो, आतली डिस्क कुणी बनवली ते तिथे कळतं), खाली प्रत्येक घडामोडीची नोंद लिहितं, आणि 'व्हेरिफाय' ठेवलं तर लिहून झाल्यावर पूर्ण डिस्क वाचून मूळ फाइलशी ताडून पाहतं. वेळ दुप्पट जातो, पण काटोलला जाऊन प्लेअरसमोर तोंडावर पडण्यापेक्षा बरं. काम झालं की एक छोटीशी धूनही वाजवतं, तेव्हा स्वयंपाकघरातून कळतं.

'पॉवर कॅलिब्रेशन' असं लिहून येणारी चूक दिसली तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. ड्राइव्हला त्या डिस्कसाठी लेझरची ताकद ठरवता आली नाही, एवढाच अर्थ. डिस्क बदला, वेग बदला, लेन्सवरची धूळ पाहा. उन्हाळाभर कूलरसमोर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये किती धूळ जाते ते नागपूरकराला सांगायला नको. बाहेरून जोडायचा पातळ ड्राइव्ह असेल तर त्याला लांब केबल किंवा बिनवीजेचा हब (एका पोर्टची अनेक करणारा डबा) लावू नका. यूएसबी २ चं पोर्ट नेमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतं, आणि लिहिताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं. थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावा.

कोऱ्या डिस्का नागपुरात बर्डीवर अजून मिळतात, पण विचारत फिरावं लागतं. एका दुकानदारानं तर विचारलंच, "काकू, आता कोण चकत्या जाळून राहिलं जी?" मी जाळून राहिले म्हटलं, डीव्हीडी-आर दे, प्लस (डीव्हीडी+आर) नको. जुने प्लेअर '-आर' सहसा जास्त सहज वाचतात. त्यानं मागच्या कपाटातून काढून दिल्या आणि पैसेही जास्त घेतले नाहीत.

डीव्हीडीस्टायलरला पाचपैकी चार, एक गुण त्या मेनूंच्या नमुन्यांमुळे कापला. इमगबर्नला साडेचार. ज्यांना एका बटणात सगळं हवं आहे त्यांना ही जोडी आवडणार नाही, आणि पहिल्या डिस्कला संध्याकाळ जाईल. दुसरीला जात नाही, कारण आयएसओ हार्ड डिस्कवर असतेच: अमरावतीच्या नणंदेनं मागितली की ड्राइव्हमध्ये कोरी डिस्क घालायची, ८एक्स (आठपट) वेग ठेवायचा आणि भाजी चिरायला बसायचं. वर कागदी लेबल चिकटवू नका, ते सुटून प्लेअरमध्ये अडकतं. डिस्कसाठीचा मार्कर मिळतो, त्यानं नाव लिहा. इथे मात्र बिनधास्त मराठीत.