कार्यशाळा की न्यूजरूममधलं मार्गदर्शन?

कॅरिबियन पत्रकारांना ऊर्जाबदल (खनिज इंधनाकडून सौर-भूऔष्णिक विजेकडे जाणं) शिकवायचा तर दोन दिवसांची कार्यशाळा स्वस्त पडते. मेगावॅट (प्रकल्पाची क्षमता) आणि मेगावॅट-तास (प्रत्यक्ष मिळालेली वीज) यांतला घोळ तिथे सुटतो: १० मेगावॅटचा सौरप्रकल्प २० टक्के क्षमता-वापराने दिवसाला ४८ मेगावॅट-तास देतो, तेवढाच भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा) प्रकल्प ९० टक्क्यांनी २१६. फळ्यावर एकदा केलं की पुरे.

बातमी अडते ती वीजकंपनीच्या दरवाढीच्या अर्जावर. बार्बाडोसमध्ये वीजदर ठरवणाऱ्या फेअर ट्रेडिंग कमिशनपुढची जाडजूड कागदपत्रं वाचणं, बिलातला इंधन-आकार वेगळा काढणं, वीज साठवणाऱ्या बॅटरीचा खर्च कोणाच्या माथी पडतो ते शोधणं, यासाठी तीन-चार महिन्यांचं मार्गदर्शनच हवं. मात्र क्रिकेटपासून कोर्टापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या एकट्या वार्ताहराला संपादकाने आठवड्यातून अर्धा दिवस सोडलं नाही, तर तेही कागदावरच राहतं.